मीडियम फॉरमॅट फिल्मसाठी स्कॅनर निवडताना

१२० फिल्मवरच्या (म्हणजे मीडियम फॉरमॅटच्या, ३५ मिलिमीटरहून रुंद फिल्मवरच्या) निगेटिव्ह हल्ली दोन वाटांनी हातात येतात. एक वाट घरातल्या ट्रंकेतून येते: अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर काढलेले सहलीचे आणि मुंजीचे फोटो, नाहीतर गावातल्या स्टुडिओने यशिका-मॅटवर टिपलेलं लग्न. दुसरी वाट नव्या शौकिनांची. सेकंडहँड यशिका किंवा ममिया घेतला, रोल धुऊन आणला, आता तो कंप्युटरवर कसा आणायचा? दोघांनाही जाहिरातीत एकच आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो: ६,४०० डीपीआय, ९,६०० डीपीआय (दर इंचाला किती ठिपके टिपले जातात ते माप). तेवढ्यावर विसंबून खरेदी केली की पैसे जातात आणि स्कॅन मात्र मऊच (धूसर) येतो.

निवड तीन गोष्टींवर ठरते: तुमच्याकडे नेमकी कोणती फिल्म आहे, तिच्यापासून सर्वांत मोठा प्रिंट केवढा काढायचा आहे, आणि स्कॅनरमध्ये ती फिल्म सपाट राहून फोकसमध्ये येते का. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांना पैसे लागत नाहीत, म्हणून त्या आधी उरका.

१. हातात काय आहे ते मोजा

पट्टी कडेने धरा आणि तिची रुंदी मोजा. ६१-६२ मिलिमीटर भरली तर ती १२० फिल्म. जुन्या कोडॅक कॅमेऱ्यांची ६२० फिल्मही याच रुंदीची, फक्त तिची रिळं वेगळी. स्कॅनरच्या दृष्टीने दोन्ही एकच. ४६ मिलिमीटर भरली तर १२७, ७० भरली तर ११६. या दोन्ही १२०च्या होल्डरमध्ये (स्कॅनरवर फिल्म धरणाऱ्या चौकटीत) नीट बसत नाहीत. घरातल्या जुन्या साठ्यात त्या निघू शकतात, त्यामुळे हे मोजमाप खरेदीच्या आधीच व्हायला हवं.

मग फ्रेम मोजा. ६×६ म्हणतात त्या फ्रेममध्ये प्रत्यक्ष चित्र सुमारे ५६×५६ मिलिमीटरचं असतं आणि रोलवर बारा फ्रेम बसतात. ६×४.५च्या पंधरा किंवा सोळा, ६×७च्या दहा, ६×९च्या आठ. चारही प्रकारांत एक बाजू ५६ मिलिमीटरचीच राहते, हे पुढच्या हिशोबात उपयोगी पडेल.

आता तीन ढीग करा: रंगीत निगेटिव्ह (नारिंगी छटेची), कृष्णधवल निगेटिव्ह आणि स्लाइड (जिच्यावर चित्र सरळ, खऱ्या रंगांतच दिसतं ती फिल्म). हे वर्गीकरण फार महत्त्वाचं आहे, कारण धूळ आपोआप काढणारी सोय रंगीत फिल्मवर चालते आणि नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही. ही सोय, एप्सन आणि निकॉनमध्ये तिचं नाव डिजिटल आइस, अवरक्त प्रकाशावर काम करते. रंगीत फिल्ममधले रंग त्या प्रकाशाला अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे अडवतात. म्हणून स्कॅनरला त्यांचा वेगळा नकाशा मिळतो. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं आणि चांदी अवरक्त प्रकाश अडवते, त्यामुळे स्कॅनर चित्रालाच धूळ समजून पुसू लागतो. इलफर्ड एक्सपी२ हा अपवाद. ती कृष्णधवल असली तरी रंगीत फिल्मच्या रसायनात धुतली जाते आणि तिच्यात शेवटी रंगद्रव्यच उरतं, म्हणून तिच्यावर आइस चालतं. ट्रंकेतला माल बहुतेक कृष्णधवल असेल तर आइससाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

शेवटी प्रकृती पाहा. उघडताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया विघटित होतो आहे. अशा पट्ट्या आक्रसतात, लाटांसारख्या वळतात, आणि झालेलं नुकसान परत फिरत नाही. त्या वेगळ्या काढून सर्वांत आधी स्कॅन करा. कोकणात किंवा मुंबईत ठेवलेल्या निगेटिव्हवर बुरशीची जाळी दिसणं नेहमीचंच. ती पाण्याने धुण्याचा मोह टाळा. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळू शकतं आणि त्याच्याबरोबर चित्रही जातं. कोरड्या मऊ ब्रशने वरवरची धूळ झाडा आणि आहे तसं स्कॅन करून घ्या.

रोलची संख्याही लिहून ठेवा. झाडणं, होल्डर भरणं, स्कॅन आणि रंग सुधारणं धरून एका फ्रेमला दहा मिनिटं सहज लागतात. ६×६चे तीस रोल म्हणजे ३६० फ्रेम, म्हणजे साठ तास. महाग स्कॅनर घेण्याऐवजी निवडक चाळीस-पन्नास फ्रेमच स्कॅन कराव्यात की काय, हा विचार इथेच करून टाका.

२. मोठ्यात मोठ्या प्रिंटवरून डीपीआय काढा

चांगल्या प्रिंटला दर इंचाला ३०० पिक्सेल हे प्रचलित माप. फ्रेमची ५६ मिलिमीटरची बाजू म्हणजे २.२ इंच. हिशोब असा: प्रिंटची तीच बाजू इंचात, गुणिले ३००, भागिले २.२.

१२ इंची चौकोनी प्रिंटला ३,६०० पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे १,६५० डीपीआय. २० इंचांना ६,००० पिक्सेल, सुमारे २,७०० डीपीआय. २४ इंचांना जवळपास ३,३००. नुसतं मोबाइलवर किंवा टीव्हीवर दाखवायचं असेल तर २,००० पिक्सेल पुरतात, आणि ते ९०० डीपीआयला मिळतात.

मीडियम फॉरमॅटची मोठी सवलत हीच. ३५ मिलिमीटरच्या छोट्या फ्रेममधून १२ इंच रुंदीचा प्रिंट काढायचा तर अडीच हजारांवर डीपीआय लागतात. इथे फिल्मच मोठी असल्याने साध्या स्कॅनरवरही काम भागतं.

फिल्मवर तपशील किती आहे हेही पाहावं लागतं. अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा साध्या लेन्सचा, ठरावीक फोकसचा कॅमेरा. त्याच्या निगेटिव्हला १,५०० डीपीआय पुरेसे आहेत. त्यापलीकडे फक्त ग्रेन (फिल्मचा दाणेदारपणा) मोठा होत जातो. यशिका-मॅट १२४जीच्या चार भिंगांच्या लेन्सने, ट्रायपॉडवरून, मंद गतीच्या फिल्मवर काढलेला फोटो असेल तर ३,००० डीपीआयपर्यंत खरा तपशील सापडतो. हातात धरून ४०० आयएसओच्या फिल्मवर काढलेला असेल तर बहुधा २,००० ते २,४००च्या आतच तो संपतो.

३. खोक्यावरचा आकडा आणि खरा आकडा

स्कॅनरचा सेन्सर एका इंचात किती ठिकाणी नोंद घेतो ते खोक्यावर छापलेलं असतं. त्या नोंदींमध्ये किती तपशील उतरतो हे मात्र आतली लेन्स, काच आणि फोकस ठरवतात. लेन्स १,६०० डीपीआयइतकंच वेगळं ओळखू शकत असेल, तर ६,४००ला स्कॅन केल्यावर तोच मऊपणा सोळापट पिक्सेलमध्ये पसरतो. ६×६ची एक फ्रेम ६,४०० डीपीआयला, ४८ बिट रंगात स्कॅन केली तर फाइल १ जीबीच्या पुढे जाते. २,४००ला ती सुमारे १७० एमबी असते.

खरा आकडा यूएसएएफ १९५१ नावाच्या चाचणीपट्टीवरून काढतात. तिच्यावर बारीक होत जाणाऱ्या तीन-तीन रेघांचे गट असतात. ज्या गटातल्या रेघा अजून वेगळ्या दिसतात, त्याच्या दर मिलिमीटरमागच्या रेघजोड्यांना ५०.८ने गुणायचं. ३२ जोड्या दिसल्या तर सुमारे १,६२५ डीपीआय, ४५ दिसल्या तर २,३००.

अशा चाचण्यांतून पुढे आलेलं चित्र साधारण असं आहे. एप्सन व्ही६००वर लिहिलेलं असतं ६,४००, प्रत्यक्षात मिळतात १,५०० ते १,६००. कॅनन ९०००एफ मार्क टूवर ९,६००, मिळतात १,७००च्या आसपास. एप्सन व्ही७००, व्ही७५०, व्ही८०० आणि व्ही८५० या घराण्यात ६,४००च्या जागी सुमारे २,३००, होल्डरची उंची नेमकी जुळवली तर थोडे अधिक. प्लस्टेक ऑप्टिकफिल्म १२०वर ५,३००, मिळतात साडेतीन हजारांच्या आतबाहेर. निकॉन सुपर कूलस्कॅन ९००० ईडीवर ४,०००, आणि तो जवळपास तेवढेच देतो. जाहिरातीतला आणि हातात येणारा आकडा इतका जवळ असणारा यादीतला हा एकच.

डीपीआयच्या खाली आणखी एक आकडा असतो: डीमॅक्स, म्हणजे फिल्मचा किती गडद भाग भेदून स्कॅनर तपशील वाचू शकतो. तोही कंपनीने सांगितलेला कमालीचा आकडा असतो. निगेटिव्हचे सर्वांत गडद भाग सहसा ३.०च्या आत राहतात, म्हणून व्ही६००चा ३.४ निगेटिव्हला पुरतो. स्लाइडच्या सावल्या, विशेषतः फुजी वेल्व्हियाच्या, त्यापेक्षा बऱ्याच गडद असतात. तिथे स्वस्त स्कॅनर काळ्या भागात नुसती खरखर देतो. स्लाइडचा ढीग मोठा असेल तर व्ही६००वर थांबू नका.

४. चार पर्याय

फ्लॅटबेड, म्हणजे कागदासाठी असतो तसा सपाट काचेचा स्कॅनर. सुरुवातीला बहुतेकांनी इथेच यावं. मात्र झाकणात प्रकाश असलेलाच फ्लॅटबेड हवा, कारण फिल्ममधून प्रकाश आरपार जावा लागतो. एप्सन व्ही३९सारख्या पातळ स्कॅनरला ती सोय नाही. व्ही३७०ला आहे, पण फक्त ३५ मिलिमीटरपुरती. व्ही६००च्या झाकणातली प्रकाशखिडकी सुमारे ६८ मिलिमीटर रुंद आणि २४० मिलिमीटर लांब आहे: १२०ची एक पट्टी बसते, ७० मिलिमीटरची ११६ बसत नाही. व्ही८५०ची खिडकी ८×१० इंचांची, त्यामुळे ११६ काय, स्टुडिओतल्या मोठ्या शीट निगेटिव्हही तिच्यात मावतात. घरचा संग्रह, कृष्णधवल जास्त, प्रिंट १०-१२ इंचांपर्यंत: व्ही६०० घ्या आणि निश्चिंत राहा. १६-१७ इंचांपर्यंत जायचं असेल, स्लाइड असतील किंवा पट्ट्या वेगवेगळ्या मापांच्या असतील तर व्ही७०० ते व्ही८५०. या घराण्यात व्ही८०० आणि व्ही८५०ला एलईडी दिवा आहे, त्यामुळे तापायची वाट पाहावी लागत नाही. व्ही७०० आणि व्ही७५०मध्ये फ्लुरोसंट नळी आहे, जी वयानुसार मंदावते. व्ही७०० आणि व्ही७५०च्या स्कॅनमध्ये मात्र फार फरक नाही, आणि व्ही८०० आणि व्ही८५०मध्येही नाही. जी चांगल्या अवस्थेत, पूर्ण होल्डरसह मिळेल ती घ्या.

फक्त फिल्मसाठी बनवलेले स्कॅनर. इथे नावांचा घोळ महागात पडतो. प्लस्टेकचे ८१०० आणि ८२००आय, निकॉनचे कूलस्कॅन व्ही आणि ५०००, हे सगळे फक्त ३५ मिलिमीटरचे आहेत. १२० त्यांच्यात जातच नाही. १२०साठी प्लस्टेक ऑप्टिकफिल्म १२० आणि १२० प्रो, निकॉन ८००० आणि ९०००, किंवा रिफ्लेक्टा एमएफ५०००. निकॉन ९००० अप्रतिम यंत्र आहे, पण २००४ सालचं. ते फायरवायर या जुन्या प्रकारच्या केबलने जोडायचं असतं आणि आजच्या कंप्युटरला ते तोंड नसतं. निकॉनचं मूळ सॉफ्टवेअर आजच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत नाही, म्हणून व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट विकत घ्यावं लागतं. सुटे भाग जुन्या यंत्रांतूनच मिळवावे लागतात. शिवाय त्याच्या साध्या एफएच-८६९एस होल्डरमध्ये वळलेली फिल्म मध्यभागी फुगते आणि कडा फोकसबाहेर जातात. काचेचा एफएच-८६९जी होल्डर वेगळा मिळवावा लागतो. तो सौद्यात आहे का, हे आधी विचारा. स्कॅनिंग हाच व्यवसाय असेल तरच या मार्गाला जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हासेलब्लाडचे फ्लेक्सटाइट स्कॅनर फिल्मला काचेविना गोलाकार वाकवून ताण देतात, म्हणून त्यात कडेपासून कडेपर्यंत तीक्ष्णता येते. त्यांचं उत्पादन बंद झालं आहे. एखाद-दुसऱ्या फ्रेमचा भिंतभर प्रिंट करायचा असेल तर असं यंत्र असलेल्या ठिकाणी तेवढीच फ्रेम स्कॅन करून घ्या.

कॅमेरा. घरात बदलत्या लेन्सचा डिजिटल कॅमेरा असेल तर वेगळा स्कॅनर घेण्याआधी हा पर्याय नीट तपासा. ३५ मिलिमीटरसाठी १:१ मॅक्रो लेन्स (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापातच टिपणारी) लागते, पण १२०साठी लागत नाही. ५६ मिलिमीटरची बाजू फुलफ्रेम सेन्सरच्या २४ मिलिमीटरमध्ये बसवायची म्हणजे ०.४३ पट, एपीएस-सी सेन्सरवर ०.२८ पट. १:२ पर्यंत जाणारी जुनी निकॉन ५५ मिलिमीटर मायक्रो लेन्स इथे पुरेशी आहे. २४ मेगापिक्सेलची छोटी बाजू ४,००० पिक्सेलची, म्हणजे ६×६च्या एका शॉटमध्ये सुमारे १,८०० डीपीआय. कागदावर हे व्ही६००च्या थोडंच पुढे दिसतं, पण लेन्स चांगली असल्याने ते खरेखुरे मिळतात. जास्त हवे असतील तर १:१ लेन्सने ०.७ पटीवर चार तुकडे घेऊन जोडायचे. मग २,९००च्या आसपास जाता येतं.

खर्च होतो तो बाकीच्या सामानावर: न हलणारा कॉपी स्टँड, फिल्म सपाट धरणारा होल्डर, आणि सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं १००पैकी माप) ९५ किंवा अधिक असलेला एलईडी पॅनल. दिव्यात बचत करू नका. कमी सीआरआयच्या दिव्यात वर्णपटाचे काही भाग गायब असतात, आणि रंगीत निगेटिव्ह उलटवताना त्वचेचे रंग कितीही खटपट केली तरी जुळत नाहीत. मोबाइलची किंवा टॅबची स्क्रीन दिवा म्हणून वापरली तर तिच्या पिक्सेलची जाळी फोटोत उमटते. कॅमेऱ्याच्या मार्गाने आइस मिळत नाही हेही ध्यानात ठेवा. कृष्णधवलवाल्याला त्याचं सोयरसुतक नाही; ओरखडे पडलेल्या रंगीत निगेटिव्हच्या मालकाला मात्र एकेक ठिपका हाताने पुसावा लागेल.

लॅब. वर्षाला पाच-सहा रोल काढणाऱ्याने स्कॅनर घेऊच नये. लॅबमध्ये नोरित्सू एचएस-१८०० किंवा फुजी फ्रंटियर एसपी-३००० असतो आणि दोन्ही १२० हाताळतात. फक्त ऑर्डर देताना तीन गोष्टी विचारा: लांब बाजू किती पिक्सेल, फाइल टिफ (तपशील न गमावता साठवणारी) मिळेल की फक्त जेपेग, आणि निगेटिव्ह परत मिळणार ना.

५. सेकंडहँड घेताना

या क्षेत्रात बराच माल सेकंडहँडच मिळतो, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका. विक्रेत्याकडे जाताना स्वतःची एक पट्टी आणि लॅपटॉप घेऊन जा.

पहिल्यांदा होल्डर मागा. १२०चा होल्डर हरवलेला असण्याचं प्रमाण खूप, आणि तो वेगळा शोधायला गेलं तर दाम आणि वेळ दोन्ही जातात. त्याच्या खिट्ट्या तुटलेल्या नाहीत ना, ते पाहा.

परदेशातून आणलेल्या यंत्राच्या किंवा अडॅप्टरच्या पाटीवर व्होल्टेज वाचा. फक्त १००-१२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात ते थेट लावायचं नाही.

काही स्कॅनरना वाहतुकीसाठीचं कुलूप असतं. ते उघडायच्या आत चालू केलं तर आतला गाडा अडकून खरखरतो. कुलूप शोधा, उघडा, मगच बटण दाबा. घरी नेताना पुन्हा लावायला विसरू नका.

मग मोबाइलची टॉर्च काचेवर तिरपी धरा. काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर दिसला तर प्लॅस्टिकच्या भागांतून निघालेली वाफ तिथे बसली आहे. ती पुसता येते, पण त्यासाठी यंत्र उघडावं लागतं. बुरशीचे धागे आतल्या आरशांवर असतील तर सौदा सोडा.

शेवटी होल्डरमध्ये काहीही न घालता २,४०० डीपीआयला रिकामा स्कॅन करा आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवून पाहा. स्कॅनच्या दिशेने सरळ, टोकापासून टोकापर्यंत जाणारी रंगीत रेघ दिसली तर बहुतेक वेळा झाकणाच्या बाजूला, होल्डरच्या टोकाशी असलेल्या मोकळ्या खिडकीत धूळ असते. यंत्र स्वतःचं मोजमाप त्या जागेतून घेतं, आणि तिथला एक कण पूर्ण स्कॅनभर रेघ ओढतो. पुसून पुन्हा करा. रेघ गेली तर यंत्र ठीक. त्याच जागी राहिली तर सेन्सरची शंका घ्या.

६. पहिला स्कॅन

फ्लॅटबेड धरून सांगतो, कारण बहुतेकांची सुरुवात तिथून होईल.

झाकणाच्या आतली पांढरी पाटी काढा. ती कागद स्कॅन करण्यासाठी असते. तशीच राहिली तर प्रकाश येत नाही आणि स्कॅन काळा येतो. आश्चर्य वाटेल, पण सुरुवातीच्या तक्रारींत ही नेहमी असते.

काच मायक्रोफायबरने पुसा, फिल्मवर रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जिलेटिनवर बसतात. पंखा बंद ठेवा. पावसाळ्यात हवा दमट असल्याने धूळ कमी उडते आणि फिल्मही कमी वळते, हवा कोरडी असेल तेव्हा नेमकं उलटं होतं. म्हणून खूप वळलेल्या पट्ट्या स्लीव्हमध्ये (फिल्म ठेवायच्या पातळ पाकिटात) घालून दोन-चार दिवस जड पुस्तकांखाली ठेवा.

पट्टी होल्डरमध्ये घालताना चकचकीत बाजू काचेकडे, मंद बाजू वर. कडेवरची अक्षरं चकचकीत बाजूने पाहिल्यावर सुलट वाचता येतात. स्क्रीनवर अक्षरं उलटी आली तर पट्टी उलटी घातली आहे.

सॉफ्टवेअरमध्ये प्रोफेशनल मोड घ्या. फिल्मचा प्रकार बरोबर निवडा. रंगीतला ४८ बिट, कृष्णधवलला १६ बिट ग्रे. व्ही६००वर ३,२०० डीपीआयला स्कॅन करून नंतर १,६००ला उतरवणं चांगलं. थेट १,६००पेक्षा ग्रेन स्वच्छ येतो. व्ही८५०वर ४,८००ला करून २,४००ला उतरवा. शार्पनिंग बंद ठेवा, ते शेवटी प्रिंटच्या मापावर करायचं असतं. आइस फक्त रंगीतला.

एक्स्पोजर आपोआप ठरवू देऊ नका. हिस्टोग्राम (चित्रातल्या गडद-उजळ भागांचा आलेख) उघडा आणि दोन्ही टोकांचे काटे चित्राच्या डोंगराबाहेर थोडे सरकवा, म्हणजे ढग आणि काळे केस दोन्हींत तपशील राहतो. स्कॅन फिका, निर्जीव दिसेल. तसाच दिसायला हवा. कॉन्ट्रास्ट नंतर वाढवता येतो, कापलेला तपशील परत येत नाही. टिफमध्ये साठवा.

७. फोकसची उंची

फ्लॅटबेडची लेन्स स्थिर असते आणि काचेपासून ठरावीक उंचीवर तिचा फोकस असतो. यंत्रागणिक ती उंची थोडी वेगळी निघते. म्हणून नवा स्कॅनर आला की एकदा हे करायचंच.

ग्रेन स्पष्ट दिसणारी, सपाट फ्रेम निवडा. होल्डर जसा आहे तसा ठेवून यंत्राच्या खऱ्या आकड्याच्या दुप्पट डीपीआयला मधला छोटा चौकोन स्कॅन करा. मग होल्डरच्या चारही कोपऱ्यांखाली साध्या प्रिंटिंग कागदाचे तुकडे घाला. ८० जीएसएमचा एक कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. तीन कागद, सहा, नऊ असं वाढवत प्रत्येक उंचीला तोच चौकोन स्कॅन करा आणि १०० टक्के मोठा करून शेजारी शेजारी ठेवा. ग्रेन जिथे सर्वांत टोकदार दिसतो तीच तुमच्या यंत्राची उंची. तिथे कागदाऐवजी पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवून टाका. व्ही८००-व्ही८५०च्या होल्डरला उंची बदलण्याची सोय आहे. तिथे कागदाची गरज नाही, पण चाचणी करावीच लागते.

मध्यभाग तीक्ष्ण आणि कडा मऊ असतील तर दोष उंचीचा नसून फिल्मच्या बाकाचा आहे. फिल्म साध्या काचेने दाबली तर जिथे चकचकीत बाजू काचेला टेकते तिथे इंद्रधनुषी वलयं उमटतात. त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात आणि एडिटिंगमध्ये ती निघत नाहीत. उपाय म्हणजे अँटी-न्यूटन काच, जिचा एक पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत असतो. तो पृष्ठभाग फिल्मच्या चकचकीत बाजूला लावायचा.

कॅमेऱ्याने स्कॅन करणाऱ्यांची अडचण वेगळी: सेन्सर आणि फिल्म समांतर नसणं. फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून पाहा. लेन्सचं प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत स्टँड हलवा. मग एफ/५.६ ते एफ/८, आयएसओ १००, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर. एफ/१६ला जाऊ नका. जवळून टिपताना छिद्र आणखी लहान असल्यासारखं वागतं आणि चित्र मऊ होतं. फ्रेमभोवतीचा उघडा प्रकाश काळ्या कागदाने झाका, खोलीतले दिवे बंद करा. तुकडे जोडायचे असतील तर कॅमेरा जागीच ठेवून फिल्म सरकवा. पूर्ण रोलसाठी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एकच ठेवला की नंतर निगेटिव्ह लॅब प्रोसारख्या साधनाने सगळ्या फ्रेम सारख्या रंगात उलटवता येतात.

८. फाइल आणि फिल्म

फाइलच्या नावात रोल आणि फ्रेम दोन्ही घाला, उदाहरणार्थ १९६८_रोल०३_फ्रेम०७, आणि तोच रोल क्रमांक स्लीव्हवर पेन्सिलने लिहा. मूळ टिफ दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. रंग सुधारलेली प्रत त्यापासून वेगळी काढा.

निगेटिव्ह टाकू नका. स्कॅनिंगची साधनं सुधारत राहतात आणि याच फ्रेममधून पुढे अधिक काढता येईल. पॉलिप्रॉपिलिनच्या किंवा आम्लरहित कागदाच्या स्लीव्हमध्ये घाला, पीव्हीसीच्या नको. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर महिन्याला त्यांचा रंग तपासून वाळवा. आंबट वासाच्या पट्ट्या या डब्यात ठेवू नका. त्यांच्यातून निघणारं आम्ल शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बिघडवतं, म्हणून त्या वेगळ्या, हवा खेळत्या खोक्यात ठेवा.